जीप घ्यावी की पिकअप? हाडांचा आणि हौद्याचा हिशेब



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, सोसायटीचे कर्ज वळते होऊन चार पैसे हाती उरले, की आपल्या भागात दरवर्षी एक विषय हटकून निघतो. गाडी घ्यायची. मग पारावर आणि डेअरीच्या कट्ट्यावर तावातावाने बोलणे होते. एक म्हणतो, जीपच घ्यावी, दारात उभी राहिली तर शोभते. दुसरा म्हणतो, पिकअप घे, खताची पोतीही येतील नि माणसंही येतील. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. तथापि गाडीत बसणाऱ्याच्या पाठीला काय वाटते, हे त्या चर्चेत फारसे कोणी विचारत नाही.

मागील महिन्यात आपले एक सभासद आमच्याकडे आले. दोन हंगामांपूर्वी त्यांनी नवी पिकअप घेतली आहे. म्हणाले, "गाडीत खोट न्हाई. पोती म्हणा, वैरण म्हणा, कधी अडली न्हाई. पर आई बसत न्हाई तिच्यात." आईंचे वय ७४. मणक्याचे दुखणे. दर पंधरवड्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते. वस्तीपासून दवाखाना ११ किलोमीटर. "जाताना जेवढी कळ असती त्याच्या दुप्पट घेऊन घरी येती. आता म्हणती, मी वडापनं जाते." आणि वडापची जीप थांबते डांबरी सडकेवर. म्हणजे दारात नवी गाडी उभी असताना ती म्हातारी माउली दोन किलोमीटर पाणंद तुडवत जाते.

हे ऐकून आम्हाला वाटले की या विषयाचा एकदा नीट छडा लावावा. सभासदांच्याच चार गाड्या मागून घेतल्या. एक आखूड जीप, एक दहा माणसांची लांब जीप, एक साधी पिकअप आणि एक दोन केबिनची पिकअप. त्याच ११ किलोमीटरच्या वाटेवर चारही चालवून पाहिल्या. या गाड्यांच्या कंपन्यांची नावे आम्ही मुद्दामच देत नाही. गाड्या वापरलेल्या आहेत आणि एका गाडीवरून सगळ्या मालावर शिक्का मारणे बरे नव्हे.

जीप आपल्या शिवारात कशी आली

जीप मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती हजारोंनी बनविली. चिखलातून जावे आणि मोडली तर पान्याने दुरुस्त व्हावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. बसणाऱ्याच्या सुखाचा विचार त्यात नव्हता. आपल्याकडे महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिची जोडणी सुरू केली. त्याच सुमारास, १९५०-५१ साली, प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला. पुढे गावोगावी कारखाने उभे राहिले आणि शेतकी खात्याची जीप बांधावर आली, की ऊस नोंदीला साहेब आले असे पोरेसोरेही ओळखू लागली. जीपचा रुबाब आपल्या मनात तेव्हापासूनचा आहे.

पिकअप मागाहून आली. टाटांनी १९८८ साली टाटामोबाईल काढली. पुढे २००० साली बोलेरो आली, २००५ साली टाटा एस हा छोटा मालट्रक आला आणि गावच्या मालवाहतुकीचे रूपच पालटले. २०१० साली थार, २०२० साली तिची नवी आवृत्ती आणि २०२४ साली पाच दारांची थार निघाली. २०२२ साली टोयोटाची हायलक्स ही मोठी पिकअपही आपल्या देशात विकायला आली. निवड वाढली तसा गोंधळही वाढला.

गचके का बसतात?

पिकअपच्या मागच्या बाजूला पाटे असतात. लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत. एक-दीड टन माल पेलायचा म्हणून हे पाटे मुळातच कडक केलेले असतात. हौदा भरला की ते दबतात, वाकतात आणि आपले काम करतात. हौदा रिकामा असला की त्यांच्यावर वजनच नसते, मग ते वाकणार कसे? चाकाला बसलेला धक्का थेट चासीत आणि चासीतून आपल्या माकडहाडात येतो. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. भरलेली गाडी कुरकुरत पण संथ जाते, रिकामी गाडी खडखडत उडते.

यामागे शास्त्र आहे. गाडी सेकंदाला एक किंवा दीड हेलकावा घेत असेल तर माणसाला ते सुखाचे वाटते. तेच हादरे सेकंदाला ४ ते ८ या गतीने बसू लागले की बसलेल्या माणसाचे धड आणि कण्याचा खालचा भाग त्याच तालात थरथरू लागतो आणि शरीराला सर्वांत जास्त त्रास होतो. असे हादरे वर्षानुवर्षे सोसणाऱ्या चालकांत कंबरदुखी जास्त आढळते. ट्रॅक्टर चालविणाऱ्या आपल्या बांधवांना याचा अनुभव आहेच.

दुसरी गोष्ट लांबीची. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर कमी असेल तर खड्ड्यागणिक गाडी पुढे-मागे डोलते. तीन दारांच्या नव्या थारमध्ये हे अंतर २,४५० मिलिमीटर आहे, बोलेरोत २,६८०, पाच दारांच्या थारमध्ये २,८५० आणि हायलक्समध्ये ३,०८५. अंतर वाढले की डोलणे कमी होते, पण गावठाणाच्या बोळात गाडी वळत नाही. हायलक्स सव्वापाच मीटरांहून लांब आहे. बाजाराच्या दिवशी ती कुठे उभी करणार, याचा विचार आधी करावा.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. जीप म्हणजे मऊ आणि पिकअप म्हणजे कडक, असे सरसकट नाही. बोलेरोला मागे पाटेच आहेत. नव्या थारला चारही बाजूंना कॉईल स्प्रिंगा आहेत. हायलक्स एवढी मोठी, तरी मागे पाटेच. म्हणून नावावर जाऊ नये. गाडीखाली वाकून मागे काय बसविले आहे ते डोळ्यांनी पाहावे.

आम्ही काय पाहिले

वाट अशी होती. पहिले दोन किलोमीटर पाणंद, उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेली. पुढे तीन किलोमीटर गावचा खचलेला डांबरी रस्ता. उरलेले सहा किलोमीटर चांगली सडक. ज्या जागी आजारी माणूस बसेल त्या जागी आम्ही पाण्याने भरलेली पाच लिटरची किटली ठेवली, झाकण काढून. आणि सभासदांच्या आईंनाच विनंती केली की मावशी, तुम्हीही चला, तुमच्याइतकी चांगली परीक्षक आम्हाला मिळणार नाही. त्या हसल्या आणि आल्या. पाणंदीला वेग सगळीकडे ताशी १५ किलोमीटरच ठेवला.

आखूड जीप पहिली. बारीक खडी आणि छोटे खड्डे तिने छान गिळले. पण चाकोरीत उतरताना ती होडीसारखी डोलली, किटली दोनदा कलंडता कलंडता राहिली. सडकेला लागल्यावर मात्र तक्रारीला जागा नव्हती. खरी अडचण चढण्याची. मागच्या बाकावर जायचे तर पुढची खुर्ची दुमडून वाकून आत शिरायचे. मावशींनी एकदा वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हे पोराटोरांचं काम." पुढच्या खुर्चीवर बसल्या, पण तिथेही पाय उचलताना मुलाच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

लांब जीपमध्ये दोन गोष्टी दिसल्या. मधला बाक चारही गाड्यांत सर्वांत सुखाचा ठरला, कारण तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो. याच गाडीत मागचे आडवे बाक मात्र सर्वांत वाईट, कारण ते मागच्या चाकांच्या वर आणि पलीकडे येतात. झोपाळ्याच्या टोकाला बसावे तसे होते. आमच्यापैकी एकजण तिथे बसला होता. पाणंद संपेपर्यंत त्याचे डोके दोनदा टपाला लागले. गाडी तीच, रस्ता तोच, पण दोन बाकांत जमीन-अस्मानाचा फरक.

साधी पिकअप रिकामी नेली तेव्हा किटलीतले निम्मे पाणी पाणंदीतच सांडले. मावशी दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर म्हणाल्या, "थांबवा रं, उतरते मी." आम्ही लगेच थांबविली.

मग आम्ही हौद्यात खताची १२ पोती टाकली, म्हणजे ६०० किलो, आणि मावशींना न घेता तीच वाट पुन्हा केली. आश्चर्य वाटावे इतका फरक पडला. गाडी खाली बसली, उडायची थांबली, पाणी थोडेच सांडले. म्हणजे त्या माउलीला दोन वर्षे जो त्रास झाला तो गाडी वाईट म्हणून नव्हे, गाडी रिकामी म्हणून झाला. खताची पोती गाडीतून सुखाने आली आणि आई गचके खात गेली!

दोन केबिनची पिकअप मधली निघाली. मागे पाटे, त्यामुळे रिकामी असताना कडकच. पण मागचा बाक चाकांच्या अलीकडे असल्याने धक्का थोडा बोथट होऊन येतो. बाकाची पाठ मात्र ताठ उभी असते, लांबच्या प्रवासाला मान आणि कंबर अवघडते. केबिन वाढली तेवढा हौदा आखडला, हेही खरे. पाच माणसे आणि टनभराच्या आतबाहेर माल, एवढ्यावर ज्यांचे भागते त्यांनी हिचा जरूर विचार करावा.

हौद्यातली माणसे

परत येताना एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गावच्या फाट्यावर भांगलणीहून परतणाऱ्या बाया उभ्या होत्या. एकीने हात केला, "दादा, नेता का वस्तीपतूर?" चालवणाऱ्याने सवयीने गाडी थांबविली. नऊजणी हौद्यात चढल्या. आम्हीही त्यांच्याबरोबर मागे बसलो. पोती उतरवलेली होती, हौदा रिकामा. पहिल्याच खड्ड्याला सगळ्या एकमेकींवर आदळल्या. धरायला फळीच्या कडेशिवाय काही नाही. एक पोरगी दोन जिवांची होती. ती एका हाताने फळी आणि एका हाताने पोट धरून बसली होती. आम्ही म्हणालो, ताई, त्रास होतोय का? ती म्हणाली, "रोजचंच हाय."

वाचकहो, खोटे कशाला बोलावे, आम्हीही वर्षानुवर्षे माणसे अशीच नेली आहेत. लग्नाला, यात्रेला, रानात. पण रिकाम्या हौद्यात, मागच्या चाकांवर, खाली बसलेल्या माणसाला जे सोसावे लागते ते त्या दिवशी प्रथम आमच्या अंगाला कळले. जिला गाडीत बोलायची सोय नाही तिच्या पाठीचा हिशेब कोण ठेवणार?

कायदाही इथे स्पष्ट आहे. पिकअपची नोंद मालवाहू म्हणून होते, हौदा माणसांसाठी नाही. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच दिला आहे. मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा माणूस यांची गोष्ट वेगळी. उद्या दुर्दैवाने काही झाले तर त्या घराचे नुकसान होईलच, पण भरपाईपायी आपली जमीनही गहाण पडायची वेळ येईल. मजूर न्यायचेच असतील तर प्रवासी जीप भाड्याने करावी आणि तो खर्च भांगलणीच्या खर्चात धरावा.

कागदपत्रांचेही ध्यानी ठेवावे. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते. खाजगी जीपला तशी तपासणी थेट १५ वर्षांनी नोंदणी वाढविताना येते. मालासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. लायसनबद्दल मात्र घोर करू नये. ७,५०० किलोंच्या आतील गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के केले आहे.

घेण्यापूर्वी दिवस मोजा

गाडीची किंमत रुपयांत ऐकली की मोठी वाटत नाही, म्हणून ती टनात मोजावी. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. दहा लाखांची गाडी म्हणजे सुमारे २८२ टन ऊस, आणि तोडणी-वाहतूक वजा केली तर त्याहूनही जास्त. एकरी ४० टन धरले तरी सात एकरांचे सगळे पीक. लागणीपासून तोडीपर्यंतचा खर्च वेगळाच.

एवढा ऊस ज्या गाडीत घालायचा तिच्यासाठी एक काम करावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षभराच्या फेऱ्या लिहून काढाव्यात. अर्ध्या टनावर माल किती दिवस आणला? खत, बेणे, ठिबकचे पाईप, वाढे, सगळे धरून. माणसे किती दिवस नेली, त्यांत म्हातारी, आजारी आणि लेकरे किती? आणि चिखलामुळे साधी गाडी खरोखर अडली असे दिवस किती?

मालाचे दिवस आठवड्याला दोन-तीन निघाले, तर साधी पिकअप घ्यावी आणि माणसांसाठी दुसरी सोय पाहावी. मालाचे दिवस महिन्याला दोन-तीनच निघाले, तर त्यासाठी भाड्याचा टेम्पो परवडतो. मग मधल्या बाकाची लांब जीप घरच्या माणसांना सुखाची. दोन्ही सारखेच निघाले तर दोन केबिनची. चारी चाकांना ताकद देणारी गाडी मात्र चिखलाचे दिवस मोजल्याशिवाय घेऊ नये. पावसाळ्यातले पाच-सात दिवस अडत असेल आणि दारात ट्रॅक्टर असेल, तर तेवढ्यासाठी लाख-दोन लाख जास्त मोजण्यात अर्थ नाही. ज्यांची वस्ती नदीकाठच्या काळ्या रानात आहे आणि पावसाळ्यात दोन महिने वाट तुटते, त्यांची गोष्ट निराळी. रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला न्यायचे असेल तर तीच गाडी जीव वाचवील.

आणि पाहायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावे. विक्रेता डांबरी रस्त्यावर चक्कर मारून दाखवितो, त्यात काही कळत नाही. गाडी रिकामी घेऊन खराब वाटेने न्या म्हणावे.

आहे त्या गाडीत काय करता येईल

ज्यांच्या दारात पिकअप उभीच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

टायरची हवा पाहावी. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे गाडीच्या पुस्तकात किंवा दारापाशी लावलेल्या पट्टीवर दिलेले असतात. आपण भरलेल्या गाडीची हवा बाराही महिने ठेवतो. रिकामी असताना दिलेल्या आकड्याइतकीच ठेवावी, माल भरण्यापूर्वी पुन्हा वाढवावी.

शॉकअप आणि त्यांचे रबरी बुश तपासावेत. तेल गळत असेल तर ते गेलेच समजावे. पाटे तुटतात म्हणून जास्तीचा पाटा टाकून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने माल थोडा जास्त बसतो, पण माणसाची कंबर मोडते. शिवाय ठरल्यापेक्षा जास्त माल भरणे हे पाटा तुटण्याचे कारण, ते तसेच राहते.

आजारी माणूस न्यायचा असेल तर वाळूची पाच-सहा पोती मागच्या चाकांच्या किंचित पुढे, हौद्याला घट्ट बांधून ठेवावीत. सुटी ठेवू नयेत, ब्रेक लावताच ती पुढे येतात.

चौथी गोष्ट वाटेची. त्या दोन किलोमीटरांत चार ठिकाणी खोल चाकोऱ्या होत्या, बाकी वाट बरी होती. बांधकरी एकत्र आले तर दोन ट्रॉल्या मुरमाचे ते काम. पाणंदींसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आणली. त्याबाबत ग्रामपंचायतीत विचारणा करावी. मुरमाने सगळ्यांच्याच गाड्या मऊ होतात.

ता. क. म्हणून सांगतो. ते सभासद परवा कारखान्यावर भेटले. पिकअप त्यांनी विकली नाही. हवा कमी केली, मागचे दोन्ही शॉकअप बदलले, वाळूची पोती बांधली आणि मावशींना चढायला दाराशी एक लाकडी पाट ठेवला. गेल्या पंधरवड्यात त्या गाडीतूनच दवाखान्यात जाऊन आल्या. आम्ही विचारले, मावशी काय म्हणाल्या? "म्हणाली, आता वडापापेक्षा बरं हाय. पर हळू हाक."

ज्या सभासदांनी यंदा गाडी घेण्याचे योजिले आहे त्यांनी वरील गोष्टींचा विचार करावा आणि आपले अनुभव आम्हाला अवश्य कळवावेत, ही विनंती. आणि आज संध्याकाळी फाट्यावर कोणी बाईमाणूस हात करील, तेव्हा तिला हौद्यात न बसविता पुढच्या खुर्चीवर जागा करून द्यावी. जागा नसेल तर दोन फेऱ्या कराव्यात.